न दिसणारे अपंगत्व आणि हक्काचा दाखला
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



1972 च्या दुष्काळाने महाराष्ट्राला एक धडा दिला. हाताला काम देणे ही सरकारची मेहेरबानी नसून तो माणसाचा हक्क आहे, हा तो धडा. पुढे 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि ‘मागेल त्याला काम’ या तीन शब्दांत दान आणि हक्क यांतील अंतर खेड्यापाड्यांतील माणसालाही कळले. परंतु या घोषणेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. मागणारा मागू शकतो, कामाच्या जागी उभा राहू शकतो आणि नकार मिळाला तर तक्रार करू शकतो, हे ते गृहीत होय. ज्याचा आजारच त्याची मागण्याची शक्ती हिरावून घेतो, त्याचे काय? तीव्र मानसिक आजाराने ग्रासलेल्या माणसांचा आणि त्यांच्या कुटुंबीयांचा प्रश्न येथून सुरू होतो.

हा प्रश्न मूठभरांचा आहे, असा समज सरकारी आकड्यांमुळे होऊ शकतो. 2011 च्या जनगणनेने देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती मोजल्या. त्यांत मानसिक आजारामुळे अपंग ठरलेल्यांची संख्या सुमारे 7 लाख 22 हजार होती. त्यानंतर काही वर्षांतच, 2015-16 साली, बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेच्या पुढाकाराने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. प्रौढांपैकी सुमारे 0.8 टक्के लोकांना पाहणीच्या वेळी तीव्र स्वरूपाचा मानसिक आजार होता, असे त्यात आढळले. हे प्रमाण देशाच्या प्रौढ लोकसंख्येला लावले, तर संख्या साठ लाखांच्या घरात जाते. अशा प्रत्येक आजाऱ्याला अपंगत्व येतेच असे नाही, हे खरे. तरीही सात लाख आणि साठ लाख यांमधील दरी केवळ वैद्यकीय व्याख्येने भरून निघणारी नाही. जनगणनेचा कर्मचारी दारात आला असता ‘घरात कोणी अपंग आहे काय?’ या प्रश्नाला लाखो घरांनी ‘नाही’ असे उत्तर दिले असले पाहिजे. कोणी लज्जेने दिले असेल. आणि आपल्या घरातील आजाराला कायदा अपंगत्व म्हणतो, हेच अनेकांना ठाऊक नसेल.

कायद्याची स्थिती मात्र स्पष्ट आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातच मानसिक आजाराचा समावेश होता. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर भारताने 2007 साली शिक्कामोर्तब केले आणि त्याला अनुसरून 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्यात नमूद केलेल्या 21 प्रकारच्या अपंगत्वांत मानसिक आजार आहे. किमान 40 टक्के अपंगत्व प्रमाणित झाले, की बहुतेक सवलतींचे दार उघडते. तेव्हा प्रश्न कायदा नसल्याचा नाही. प्रश्न आहे तो कायद्याच्या दारापर्यंत पोहोचण्याचा, आणि त्या वाटेवर कोणता अन्याय दबा धरून बसला आहे, हे ओळखण्याचा.

मानसिक अपंगत्व मोजण्यासाठी भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी तयार केली आणि केंद्र सरकारने ती 2002 साली स्वीकारली. तिच्यात माणसाचे जगणे चार अंगांनी तपासले जाते: स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम. प्रत्येक अंगाला शून्य ते चार गुण दिले जातात. आजार किती काळचा आहे, हेही विचारात घेतले जाते. म्हणजे ही मोजपट्टी रोगाचे नाव विचारून थांबत नाही. त्या रोगाने माणसाच्या रोजच्या जगण्याचे काय केले, असे ती विचारते. तत्त्वतः हे योग्यच आहे. छिन्नमनस्कतेचा, म्हणजे सिझोफ्रेनियाचा, एक रुग्ण औषधाच्या आधाराने नोकरी करतो, तर दुसरा दहा वर्षे घराबाहेर पडलेला नसतो. दोघांना एकच टक्केवारी देणे न्यायाचे झाले नसते.

परंतु तत्त्व योग्य असले तरी व्यवहारात एक विपरीत गोष्ट घडते. तपासणीचा दिवस ठरलेला असतो. आई पहाटे उठून मुलाला आंघोळ घालते, दाढी करून देते, धुतलेला सदरा घालते, रात्रीची गोळी चुकली नाही ना याची खात्री करून घेते आणि हाताला धरून एस.टी.ने त्याला जिल्हा रुग्णालयात आणते. डॉक्टरांसमोर एक स्वच्छ, शांत तरुण बसलेला असतो. नाव विचारले तर तो नाव सांगतो. जेवलास का, असे विचारले तर ‘हो’ म्हणतो. बाहेर रांग लागलेली असते आणि पाच-सात मिनिटांत टक्केवारी लिहून होते. ती 40 च्या खाली आली की फाईल बंद होते. त्या तरुणाच्या अंगावरील स्वच्छ सदरा हा त्याच्या क्षमतेचा पुरावा मानला गेला. वस्तुतः तो आईच्या श्रमाचा पुरावा होता. तिने दहा वर्षे विनामोबदला केलेले काम हिशेबात आले नाहीच, उलट ते तिच्या मुलाच्या विरोधात गेले. ज्याला घराने टाकून दिले, त्याचे अपंगत्व उघड दिसते. ज्याला घराने सांभाळले, त्याचे झाकले जाते.

या अन्यायाचे मूळ डॉक्टरांच्या दुष्टपणात शोधणे चूक ठरेल. देशात लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही. जे आहेत, ते बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. एकाच तज्ज्ञावर बाह्यरुग्ण विभाग, कोर्टाची कामे आणि दाखल्यांची रांग असा बोजा पडत असेल, तर सखोल चौकशी कोठून होणार? त्यातच 2024 साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व-दाखल्यांवरून देशभर गदारोळ उठला आणि बनावट दाखल्यांचा संशय सर्वत्र पसरला. बनावट दाखला हा खऱ्या अपंगाच्या ताटातील घास आहे, यात शंका नाही. परंतु अशा संशयाची किंमत कोण मोजतो? ज्याच्या ओळखी आहेत, तो मार्ग काढतोच. ज्याला ओळख नाही, आणि ज्याचे दुखणे हातापायांवर दिसत नाही, त्याच्यावरच संशयाचा सारा भार पडतो.

म्हणून कार्यकर्त्याने पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की मानसिक अपंगत्वाचा दावा तपासणीच्या खोलीत नव्हे, तर त्याआधी घरात तयार होतो. काळजी घेणाऱ्या नातेवाइकाची माहिती घेणे हा त्या मोजपट्टीच्या वापराचाच भाग आहे. ती माहिती तोंडी व घाईत देण्यापेक्षा लिहून नेलेली बरी. सांगितल्याशिवाय आंघोळ किती दिवस होत नाही? औषध स्वतः घेतो, की समोर उभे राहून द्यावे लागते? पैसे दिले तर हिशेब राहतो का? शेजाऱ्याशी, भावाशी बोलतो का? एकटा बाहेर गेला तर परत येतो का? शेवटचे काम कोणते केले, किती दिवस टिकले आणि का सुटले? यांची उत्तरे एका वहीत तारखांसह नोंदवावीत. ‘तो फार त्रास देतो’ या वाक्याने काही सिद्ध होत नाही. ‘गेल्या तीन महिन्यांत दोनदा घरातून निघून गेला, एकदा स्टेशनवर सापडला’ या वाक्याने होते. सर्वांत महत्त्वाचे असे की, मदतीशिवाय तो काय करू शकतो, हे सांगावे. मदतीने काय करतो, हे नव्हे. यात अतिशयोक्ती नको. जे आहे ते सर्व सांगितले, तरी पुष्कळ आहे.

या वहीसोबत जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, रुग्णालयात दाखल झाल्याचे व सोडल्याचे कागद आणि काम सुटल्याचे पत्र असेल तर तेही जोडावे. अर्ज ‘स्वावलंबन’ या केंद्रीय संकेतस्थळावरून करावा लागतो आणि आधार, छायाचित्र, पत्त्याचा पुरावा इत्यादी सोपस्कार असतात. संगणकापुढे बसणे ज्याच्या आईला शक्य नाही, तिच्यासाठी हे काम पक्षाच्या शाखेने करावे. तपासणीत टक्केवारी कमी लागली किंवा दाखला नाकारला गेला, तर 2016 च्या कायद्याच्या कलम 59 अन्वये अपील करता येते. ही तरतूद फार थोड्यांना माहीत असते. शिवाय मानसिक आजाराचा दाखला अनेकदा ठरावीक मुदतीचा मिळतो. मुदत संपण्यापूर्वी पुनर्तपासणीची आठवण ठेवणे हेही काम कोणाच्या तरी अंगावर हवे, नाही तर चालू असलेले अनुदान मुकाट्याने बंद पडते.

दाखला हाती आल्यावर काय मिळते? महाराष्ट्रात मुख्य आधार संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आहे. ही योजना 2 ऑक्टोबर 1980 रोजी सुरू झाली. तिला दिलेल्या नावाविषयी आणीबाणीत तुरुंग पाहिलेल्या पिढीच्या भावना तीव्र असणे स्वाभाविक होते; पण त्यामुळे त्या अनुदानावरील निराधाराचा हक्क कमी होत नाही. तहसील कार्यालयात अर्ज करायचा, उत्पन्नाचा दाखला जोडायचा, राज्यातील 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यायचा, आणि तालुक्याच्या समितीत मंजुरी घ्यायची, अशी तिची रीत आहे. अनुदान 2023 साली दरमहा 1,500 रुपये झाले आणि 2025 साली दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते 2,500 करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. हे पाऊल स्वागतार्ह आहे, आणि ते अपंगांच्या संघटनांनी रेटलेल्या मागणीनंतर पडले, हेही विसरता कामा नये.

परंतु या योजनेच्या उंबरठ्यावर उत्पन्नाची अट आहे. सर्वसाधारण लाभार्थ्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये, आणि दिव्यांगांसाठी ती 50,000 रुपये ठेवलेली आहे. पन्नास हजार म्हणजे महिन्याला साडेचार हजारही नव्हेत. घरात एक माणूस हमाली करीत असेल किंवा एक बाई चार घरची धुणीभांडी करीत असेल, तरी खरे उत्पन्न या मर्यादेपलीकडे जाते. परिणामी गरीब कुटुंबावर दोनच पर्याय उरतात: खोटा दाखला काढणे अथवा हक्क सोडणे. अटच अशी असावी, की प्रामाणिक माणसाने तिच्यापायी खोटे बोलावे, हा राज्यकारभाराचा नमुना लोकशाहीला शोभणारा नाही. यात आणखी एक चूक दडलेली आहे. प्रौढ मुलगा भावाच्या घरी राहतो म्हणून भावाचे उत्पन्न त्याचे उत्पन्न ठरते. अपंग माणूस नागरिक म्हणून मोजला जात नाही. कोणाच्या तरी घरातील खर्च म्हणून मोजला जातो.

केंद्र सरकारची कथा याहून उद्वेगजनक आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना 2009 साली सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील, आणि 80 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या 18 ते 79 वयाच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा दरमहा 300 रुपये आहे. 2012 पासून त्या आकड्यात वाढ झालेली नाही. त्या काळात महागाई कोठे गेली, हे सांगण्याची गरज नाही. विधवांच्या राष्ट्रीय योजनेतही केंद्राचा वाटा 300 रुपयेच आहे. वस्तुतः 2016 च्या कायद्याच्या कलम 24 मध्ये असे म्हटले आहे, की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंगांना मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान 25 टक्के अधिक असावे. संसदेने केलेला कायदा एका बाजूला आणि संसदेनेच मंजूर केलेला अर्थसंकल्प दुसऱ्या बाजूला, असा हा देखावा आहे. तिकडे प्राप्तिकर भरणाऱ्या कुटुंबाला कराच्या जुन्या पद्धतीत अपंग नातेवाइकासाठी उत्पन्नातून 75,000 रुपयांची, आणि तीव्र अपंगत्व असल्यास 1,25,000 रुपयांची वजावट मिळते. ती मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. पण करदात्याच्या मुलाचा हिशेब लाखांत आणि शेतमजुराच्या मुलाचा तीनशेत व्हावा, ही विषमता डोळ्यांआड करता येत नाही.

काही हक्क असे आहेत, की ते केवळ अज्ञानामुळे वाया जातात. सरकारी कर्मचाऱ्याचा मुलगा वा मुलगी मानसिक विकारामुळे उपजीविका मिळवू शकत नसेल, तर आईवडिलांच्या पश्चात त्या अपत्याला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे, तशी ती महाराष्ट्राच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतही आहे. परंतु आईवडील हयात असतानाच अपत्याची नोंद कार्यालयात करून ठेवली नाही, तर त्यांच्या मागे भावंडांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. शिक्षक, तलाठी, परिचारिका, पोलीस यांच्या संघटनांत ही माहिती पोहोचवणे कठीण नाही. कारखान्यांतील कामगारांसाठी 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतही कायम व पूर्णतः अपंग अपत्याला वयाची अट न लावता निवृत्तिवेतनाची सोय आहे. आणि ज्याला नोकरीत असतानाच आजार जडला, त्या सरकारी कर्मचाऱ्याला त्या कारणावरून काढून टाकता येत नाही. 2016 च्या कायद्याचे कलम 20 सांगते, की त्याला झेपेल असे दुसरे काम त्याच वेतनावर द्यावे. कित्येक आजारी कर्मचारी ‘सतत गैरहजर’ या शेऱ्याने बडतर्फ होतात. त्या शेऱ्यामागे आजार आहे काय, हे पाहण्याचे काम कामगार संघटनेचे आहे.

आता वाटेतील एका खाचेविषयी. अनुदान बँकेच्या खात्यात जमा होते. खाते उघडायला सही लागते आणि आजाऱ्याच्या सहीवर बँकेचा भरवसा नसतो. मग ‘पालकत्वाचा दाखला आणा’ असे सांगितले जाते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हा पातळीवरील समिती पालक नेमू शकते, परंतु तो कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांनाच लागू आहे. मानसिक आजार त्यात नाही. त्याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजनाही त्यामुळे या रुग्णांना मिळत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला. पण तो उपचारापुरता आहे, पैशाच्या व्यवहाराला चालत नाही. राहते ते 2016 च्या कायद्यातील मर्यादित पालकत्व किंवा उच्च न्यायालय. दरमहा अडीच हजार रुपयांसाठी उच्च न्यायालयात जा, असे म्हणणे म्हणजे जाऊ नका असे म्हणणे होय. आणि येथे एक सावधगिरीही हवी. प्रत्येक आजारी माणसाला पालक लागतोच, असे नाही. पुष्कळ जण थोड्या साहाय्याने स्वतःचे खाते सांभाळू शकतात. बँकेच्या सोयीसाठी त्यांचे नागरिकत्वच गहाण टाकण्याची घाई नातेवाइकांनी करू नये, आणि कार्यकर्त्यांनीही करू नये.

यातून एका खोल शंकेला वाट फुटते. ती अनेक रुग्णांच्या व नातेवाइकांच्या मनात असते. अपंगत्वाचा दाखला घेणे म्हणजे ‘हा आता कधी बरा होणार नाही’ असे लिहून देणे नव्हे काय? घरात लग्नाची मुलगी असेल तर तो कागद तिच्या आड येणार नाही काय? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या समाजात वेडाची चेष्टा होते, देवाचा कोप समजून रुग्णाला साखळीने बांधले जाते, त्या समाजात हा भय अवाजवी नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळ्यांनी बांधलेले 28 रुग्ण आगीत होरपळून मेले, ही घटना याच समाजातील आहे. तरीही उत्तर असे आहे: दाखला हा भविष्यावरील निकाल नाही. आज या माणसाला कोणत्या आधाराची गरज आहे, याची ती सरकारदरबारी झालेली नोंद आहे. आधार मिळाला तर औषध सुटत नाही. औषध सुटले नाही तर माणूस सावरण्याची शक्यता वाढते. उद्या तो कामाला लागला आणि टक्केवारी कमी झाली, तर तो दाखल्याचा पराभव नसून त्याचे सार्थक आहे. मात्र निर्णय त्या व्यक्तीला समजावून, तिच्या संमतीने व्हावा. कोणाच्या नकळत त्याच्या नावाचा अर्ज भरणे हे साहाय्य नव्हे.

अशा परिस्थितीत पक्षाने करावयाचे काम दुहेरी आहे. सरकारपुढे काही मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. काळजीवाहू नातेवाइकाचे लेखी निवेदन दाखल्याच्या फायलीत घेणे बंधनकारक असावे. मनोविकारतज्ज्ञाचे तपासणी-शिबिर ठरावीक अंतराने तालुक्याच्या रुग्णालयात भरावे. उत्पन्नाची मर्यादा किमान वेतनाशी जोडावी, आणि प्रौढ अपंगाचे उत्पन्न भावंडांच्या उत्पन्नापासून वेगळे धरावे. केंद्राचा तीनशे रुपयांचा वाटा वाढवून तो महागाई निर्देशांकाशी बांधावा, आणि 80 टक्क्यांची अट कायद्यातील 40 टक्क्यांवर आणावी. राष्ट्रीय न्यासाचे दार मानसिक आजारामुळे अपंग झालेल्यांनाही उघडावे. महाराष्ट्राने डिसेंबर 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. त्या विभागाकडे या मागण्या घेऊन जाणारी शिष्टमंडळे प्रत्येक जिल्ह्यातून निघाली पाहिजेत.

परंतु मागण्यांच्या मान्यतेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतींनी व नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या 5 टक्के निधी अपंगांसाठी खर्च करावयाचा असतो. तो कोणावर खर्च झाला, आणि त्यात मानसिक रुग्ण एकही होता काय, हा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत विचारण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची जरूर नाही. प्रत्येक तालुका शाखेने एक कार्यकर्ता या कामासाठी नेमावा. त्याच्याजवळ अर्जांची यादी, पुनर्तपासणीच्या तारखा आणि अपिलांची नोंद असावी. वस्तीत फिरताना त्याने ‘अपंग कोणी आहे काय?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येईल. ‘घरात असे कोणी आहे काय, ज्याला एकट्याला सोडून तुम्हांला कामावर जाता येत नाही?’ असे विचारावे. मग दार उघडेल, आणि आतापर्यंत कोणत्याही गणतीत न आलेला माणूस आणि त्याला सांभाळणारी, तितकीच न मोजलेली बाई, अशी दोघे समोर येतील.

‘मागेल त्याला’ हे सूत्र मोठे होते. ज्याला मागता येत नाही त्याच्या वतीने मागणे, आणि त्याला स्वतः मागता येईल इतके बळ मिळेपर्यंत त्याच्या शेजारी उभे राहणे, हा त्या सूत्राचा राहून गेलेला भाग आहे. तो पुरा करण्याची जबाबदारी समाजवादी म्हणवणाऱ्यांनी दुसऱ्या कोणावर टाकू नये.